परळ ते अंधेरी : पोटनिवडणुकीतील एका 'परंपरे'चा शोध

मराठीत 'पोट' हा शब्द समासाच्या आरंभी आला की मुख्य गोष्टीच्या आत असलेली, तिच्याहून लहान अशी दुसरी गोष्ट सूचित होते. पोटजात, पोटकलम, पोटनियम, पोटभाडेकरू हे शब्द असे घडले आहेत. 'पोटनिवडणूक' हाही त्याच घडणीचा. मुख्य निवडणूक पाच वर्षांनी येते आणि मधल्या काळात एखादी जागा रिकामी झाली तर तेवढ्यापुरते मतदान होते. शब्दातच गौणत्व असल्यामुळे असेल, पण आपल्या राजकीय इतिहासलेखनात पोटनिवडणुकांना फारसे स्थान मिळालेले नाही. त्यांचा उल्लेख येतो तो तळटिपेत, नाहीतर एखाद्या नेत्याच्या चरित्रातील ओळीत. त्यामुळे त्यांच्याविषयी कोणी काही ठाम विधान केले की ते तपासून पाहण्याची सवयही आपल्याला राहिलेली नाही.

असे एक ठाम विधान ऑक्टोबर २०२२ मध्ये महाराष्ट्राने ऐकले. अंधेरी पूर्वचे शिवसेनेचे आमदार रमेश लटके यांचे मे २०२२ मध्ये दुबईत निधन झाले. पुढच्याच महिन्यात शिवसेना फुटली. पोटनिवडणूक जाहीर झाली आणि ८ ऑक्टोबरला निवडणूक आयोगाने पक्षाचे नाव व धनुष्यबाण हे चिन्ह गोठवले. उद्धव ठाकरे यांच्या गटाने दिवंगत आमदारांच्या पत्नी ऋतुजा लटके यांना 'मशाल' या नव्या चिन्हावर उभे केले. त्या मुंबई महानगरपालिकेच्या सेवेत होत्या आणि त्यांचा राजीनामा स्वीकारला जात नव्हता. अखेर उच्च न्यायालयाच्या आदेशाने तो स्वीकारला गेला. भाजपने मुरजी पटेल यांना उमेदवारी दिली होती. त्यानंतर राज ठाकरे यांनी देवेंद्र फडणवीस यांना पत्र लिहिले, शरद पवार यांनीही आवाहन केले आणि १७ ऑक्टोबरला भाजपने उमेदवार मागे घेतला. या सगळ्या दिवसांत एक वाक्य वेगवेगळ्या तोंडांनी उच्चारले गेले. दिवंगत लोकप्रतिनिधीच्या कुटुंबातील व्यक्ती उभी असेल तर तिच्याविरुद्ध उमेदवार न देणे ही महाराष्ट्राची परंपरा आहे, संस्कृती आहे, असा त्याचा आशय होता.

वाङ्मयेतिहास शिकवणाऱ्या माणसाला 'परंपरा' हा शब्द ऐकला की थोडे सावध व्हावे लागते. साहित्यातही पुष्कळ परंपरा अशा असतात की त्यांचा आरंभ सांगितला जातो त्याहून बराच अलीकडचा निघतो. वर्तमानाला जे सोयीचे असते त्याला भूतकाळाचा आधार शोधला जातो आणि तो सापडला नाही तर मानला जातो. म्हणून या 'परंपरे'कडे थोडे मागे जाऊन पाहावे असे वाटले. ज्या शहरात हे वाक्य इतक्या विश्वासाने उच्चारले गेले त्याच शहरात, अंधेरीपासून लोकलने अर्ध्या तासावर, याच्या नेमके उलट उदाहरण घडलेले आहे. तेही याच पक्षाच्या बाबतीत.

५ जून १९७० रोजी परळचे आमदार कृष्णा देसाई यांचा लालबागमध्ये खून झाला. देसाई भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे होते. १९६७ च्या निवडणुकीत ते विधानसभेवर निवडून आले होते. त्या काळचे परळ-लालबाग म्हणजे गिरण्यांचे भोंगे, चाळी, खानावळी, व्यायामशाळा आणि युनियनची कार्यालये. कोकणातून आणि घाटावरून आलेला मराठी कामगार हा या भागाचा कणा होता. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात हा कामगार लाल बावट्याखाली उतरला होता आणि १९६७ मध्ये श्रीपाद अमृत डांगे मध्य मुंबईतून लोकसभेवर गेले होते. पण १९ जून १९६६ रोजी स्थापन झालेली शिवसेना त्याच चाळींत, त्याच कामगारांच्या मुलांना हाक देत होती. १९६८ च्या महापालिका निवडणुकीत तिचे ४२ नगरसेवक आले. एकाच घरात बाप लाल बावट्याचा आणि मुलगा भगव्याचा, असे चित्र गिरणगावात दिसू लागले होते. या चुरशीला मारामाऱ्यांचे स्वरूप आलेले होते. या पार्श्वभूमीवर एका निवडून आलेल्या आमदाराचा खून झाला. कम्युनिस्टांनी त्याचा ठपका शिवसेनेवर ठेवला आणि प्रकरण न्यायालयात गेले. तो खटला हा या लेखाचा विषय नाही. आपल्याला पाहायचे आहे ते त्यानंतरच्या चार महिन्यांत काय घडले ते.

रिकाम्या झालेल्या परळच्या जागेवर कम्युनिस्ट पक्षाने कृष्णा देसाई यांच्या पत्नी सरोजिनी देसाई यांना उभे केले. त्यांच्याविरुद्ध शिवसेनेने वामनराव महाडिक यांना उमेदवारी दिली. दिवंगत आमदाराचा मृत्यू आजारपणाने किंवा अपघाताने झालेला नव्हता, खुनाने झाला होता. खुनाचा आरोप ज्या पक्षाच्या माणसांवर होता तोच पक्ष त्यांच्या पत्नीविरुद्ध लढत होता. 'परंपरा' असती तर तिची आठवण होण्याला याहून योग्य प्रसंग कोणता असू शकला असता? पण तशी आठवण ठेवून निवडणूक बिनविरोध झाली नाही. ती पराकोटीच्या चुरशीने लढवली गेली. ऑक्टोबर १९७० मध्ये निकाल लागला तेव्हा महाडिक यांना ३१,५९२ आणि सरोजिनी देसाई यांना २९,९१३ मते पडली होती. फरक १,६७९ मतांचा. वामनराव महाडिक हे शिवसेनेचे पहिले आमदार ठरले. पुढे १९७८ मध्ये ते मुंबईचे महापौर झाले आणि १९८९ मध्ये खासदार.

म्हणजे शिवसेनेचा विधानसभेतला प्रवेशच एका दिवंगत आमदाराच्या पत्नीचा पराभव करून झालेला आहे. हे येथे कोणाला हिणवण्यासाठी नोंदवलेले नाही. राजकीय पक्ष निवडणूक लढवतो यात गैर काही नसते आणि परळच्या मतदारांनी आपले मत दिले होते. मुद्दा एवढाच की १९७० च्या महाराष्ट्राला ही 'परंपरा' ठाऊक नव्हती.

आणखी तीन वर्षे मागे गेले तरी हेच दिसते. १९६७ च्या लोकसभा निवडणुकीत ईशान्य मुंबईतून काँग्रेसच्या स. गो. बर्वे यांनी कृष्ण मेनन यांचा पराभव केला आणि निकालानंतर थोड्याच दिवसांत बर्वे यांचे निधन झाले. पोटनिवडणुकीत काँग्रेसने त्यांच्या भगिनी तारा सप्रे यांना उमेदवारी दिली. मेनन पुन्हा उभे राहिले आणि पुन्हा पराभूत झाले. दिवंगताची बहीण उभी आहे म्हणून माघार घ्यावी असे मेनन यांना वाटले नाही. हे उदाहरण लोकसभेचे आहे, पण शहर हेच आहे आणि काळही जवळचा आहे.

या दोन उदाहरणांवरून एक भेद करणे आवश्यक ठरते. 'परंपरा' म्हणून जे सांगितले जाते त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र मिसळलेल्या आहेत. दिवंगताच्या कुटुंबातील व्यक्तीला, बहुधा पत्नीला किंवा मुलाला, त्याच्याच पक्षाने उमेदवारी देणे ही पहिली गोष्ट. ती खरोखर जुनी आहे आणि सर्व पक्षांत आहे. इतर पक्षांनी त्या व्यक्तीविरुद्ध उमेदवारच न देणे ही दुसरी. पहिलीमागे पक्षाचा हिशेब असतो : ओळखीचे आडनाव, सहानुभूती, आणि स्थानिक गटांमधील भांडण तात्पुरते थांबवण्याची सोय. दुसरीत प्रतिस्पर्धी आपला हक्क सोडत असतो. या दोहोंना एकाच 'संस्कृती'च्या वेष्टनात गुंडाळले की पहिलीचे वय दुसरीला आपोआप चिकटते.

दुसऱ्या गोष्टीचे वय पाहू लागलो तर आपण फार मागे जात नाही. गोपीनाथ मुंडे यांचे जून २०१४ मध्ये अपघाती निधन झाले. त्यानंतर बीड लोकसभेच्या पोटनिवडणुकीत राष्ट्रवादी काँग्रेसने प्रीतम मुंडे यांच्याविरुद्ध उमेदवार दिला नाही. काँग्रेसने मात्र दिला. प्रीतम मुंडे जवळजवळ सात लाखांच्या मताधिक्याने निवडून आल्या. फेब्रुवारी २०१५ मध्ये आर. आर. पाटील गेले. एप्रिलमध्ये तासगाव-कवठेमहांकाळमध्ये त्यांच्या पत्नी सुमनताई पाटील उभ्या राहिल्या आणि प्रमुख पक्षांनी उमेदवार दिले नाहीत. त्या एक लाखाहून अधिक मतांच्या फरकाने विजयी झाल्या. मे २०१८ मध्ये पतंगराव कदम यांच्या निधनानंतर पलूस-कडेगावमध्ये भाजपच्या उमेदवाराने अर्ज मागे घेतला आणि विश्वजित कदम बिनविरोध निवडून आले. 'परंपरे'ची ठळक उदाहरणे ही अशी आहेत. या तिन्ही नेत्यांविषयी पक्षांच्या सीमा ओलांडून आपुलकी होती हे खरे, आणि ती आपुलकी खोटी होती असे म्हणण्याचे कारण नाही. पण तिन्ही मतदारसंघ असे होते की तेथे प्रतिस्पर्ध्याला जिंकण्याची आशा फारशी नव्हती, हेही तितकेच खरे.

एप्रिल २०१५ मधील दुसरे उदाहरण या संदर्भात फार बोलके आहे. ज्या दिवशी तासगावचे मतदान झाले त्याच दिवशी मुंबईत वांद्रे पूर्वचेही मतदान झाले. तेथील शिवसेनेचे आमदार बाळा सावंत यांचे निधन झाले होते आणि त्यांच्या पत्नी तृप्ती सावंत उमेदवार होत्या. म्हणजे परिस्थिती तासगावसारखीच. पण वांद्रे पूर्वमध्ये काँग्रेसने नारायण राणे यांच्यासारखा माजी मुख्यमंत्री उभा केला, कारण हा मतदारसंघ म्हणजे 'मातोश्री'चे अंगण आणि राणे यांचे शिवसेनेशी असलेले वैर जुने. तृप्ती सावंत १९,००८ मतांनी जिंकल्या. एकाच राज्यात, एकाच दिवशी, दोन दिवंगत आमदारांच्या पत्नी उभ्या असताना एकीच्या बाबतीत संस्कृती आठवली आणि दुसरीच्या बाबतीत नाही. दोघींच्या दुःखात तर काही फरक नव्हता. फरक होता तो मतदारसंघाच्या राजकीय मोलात.

त्यानंतरच्या वर्षांचा हिशेबही असाच संमिश्र आहे. पंढरपूर-मंगळवेढ्यात राष्ट्रवादीचे भारत भालके यांच्या निधनानंतर त्यांचे पुत्र भगीरथ भालके उभे राहिले. भाजपने समाधान आवताडे यांना उमेदवारी दिली आणि मे २०२१ मध्ये ते ३,७३३ मतांनी निवडून आले. त्याच वर्षी देगलूरमध्ये काँग्रेसचे रावसाहेब अंतापूरकर यांच्या जागी त्यांचे पुत्र जितेश यांनी भाजपचा सुमारे ४२ हजार मतांनी पराभव केला. एप्रिल २०२२ मध्ये कोल्हापूर उत्तरमध्ये चंद्रकांत जाधव यांच्या पत्नी जयश्री जाधव यांच्याविरुद्ध भाजपने पूर्ण ताकद लावली. त्या सुमारे १९ हजारांनी जिंकल्या. अंधेरीच्या आधी अवघे सहा महिने हे घडले होते. आणि अंधेरीनंतर चारच महिन्यांनी, फेब्रुवारी २०२३ मध्ये, पुण्याजवळ चिंचवडमध्ये भाजपचे लक्ष्मण जगताप यांच्या पत्नी अश्विनी जगताप यांच्याविरुद्ध राष्ट्रवादीने उमेदवार दिला. अश्विनी जगताप सुमारे ३६ हजारांनी विजयी झाल्या. त्याच दिवशी कसबा पेठेत मतदान झाले. तेथे मुक्ता टिळक यांच्या निधनाने रिकाम्या झालेल्या जागेवर भाजपने टिळक कुटुंबाबाहेरचा उमेदवार दिला आणि काँग्रेसचे रवींद्र धंगेकर १०,९१५ मतांनी जिंकले. १९९५ पासून भाजपकडे असलेली जागा गेली. ऑक्टोबरमध्ये संस्कृतीची आठवण करून देणारे आणि फेब्रुवारीत लढणारे यांत तीच माणसे होती. ऑक्टोबरमध्ये संस्कृती मानून माघार घेणाऱ्यांनी एप्रिलमध्ये ती मानलेली नव्हती. येथे कोणत्याही एका पक्षाला वेगळे काढता येत नाही.

तेव्हा जिला 'परंपरा' म्हटले जाते ती वस्तुतः गेल्या दहा-बारा वर्षांत रूढ झालेली, प्रसंग पाहून पाळली जाणारी एक तडजोड आहे. असे म्हटल्याने तिच्यातील माणुसकी नाहीशी होत नाही. मृत्यूनंतरच्या काही महिन्यांत एका कुटुंबाला प्रचाराच्या चिखलफेकीतून वाचवावे, असे एखाद्या प्रतिस्पर्ध्याला वाटले तर ते चांगलेच आहे. पण प्रश्न असा की या सौजन्याची किंमत कोण देतो?

यासाठी पोटनिवडणूक कशासाठी असते हे पाहावे लागेल. राज्यघटनेच्या दृष्टीने रिकामी होते ती विधानसभेतील जागा, आणि ती जागा मतदारसंघाची असते. निधन, राजीनामा किंवा अपात्रता यांमुळे आमदार गेला की त्या मतदारसंघाचा सभागृहातला आवाज बंद होतो. तो पुन्हा सुरू व्हावा म्हणून पोटनिवडणूक. ती किती दिवसांत घ्यावी यावर पूर्वी कायद्यात बंधन नव्हते. १९९६ मध्ये लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ मध्ये '१५१ अ' हे कलम घालण्यात आले. जागा रिकामी झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत पोटनिवडणूक घेणे त्याने बंधनकारक केले. अपवाद दोनच ठेवले. रिकाम्या जागेची उरलेली मुदत एका वर्षाहून कमी असेल तर, किंवा या काळात निवडणूक घेणे अवघड आहे असे आयोगाने केंद्र सरकारशी विचारविनिमय करून प्रमाणित केले तर. या सगळ्या रचनेत दिवंगताच्या कुटुंबाचा उल्लेख कोठेही नाही. तो असण्याचे कारणही नाही.

अंधेरी पूर्वच्या मतदारांपुढे ३ नोव्हेंबर २०२२ रोजी जी मतपत्रिका आली तिच्यावर ऋतुजा लटके, काही अपक्ष व लहान पक्षांचे उमेदवार आणि 'नोटा' एवढेच होते. मतदान झाले ३१.७४ टक्के. ऋतुजा लटके यांना ६६,५३० मते मिळाली. दुसऱ्या क्रमांकावर कोणी उमेदवार नव्हता, 'नोटा' होता. त्याला १२,८०६ मते पडली, म्हणजे झालेल्या मतदानाच्या सातांतील एकाहून थोडी अधिक. 'नोटा'साठी प्रचार झाल्याचे आरोप झाले आणि त्यांत तथ्य किती हे येथे ठरवता येणार नाही. पण आरोप बाजूला ठेवले तरी एक गोष्ट उरते. ज्यांना विजयी उमेदवाराला मत द्यायचे नव्हते अशा मतदारांपुढे सौजन्याने दुसरा भरवशाचा पर्याय ठेवला नव्हता. चार महिने आधी फुटलेल्या पक्षाविषयी, गेलेल्या सरकारविषयी आणि आलेल्या सरकारविषयी त्यांना जे म्हणायचे होते ते म्हणण्याची जागा 'कोणीही नको' या एका बटणावर आली. दोन-तृतीयांशाहून अधिक मतदार तर घरीच राहिले.

पोटनिवडणूक खऱ्या अर्थाने लढली जाते तेव्हा तिचे परिणाम किती दूर जातात याचे उदाहरण पुन्हा मुंबईचेच आहे. डिसेंबर १९८७ मध्ये विलेपार्ले मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. शिवसेनेचे डॉ. रमेश प्रभू यांनी काँग्रेसचे प्रभाकर कुंटे यांचा पराभव केला. प्रचारात हिंदू धर्माच्या नावाने मते मागितली गेली असा आक्षेप घेऊन कुंटे न्यायालयात गेले. एप्रिल १९८९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निवडणूक रद्द ठरवली. ११ डिसेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला आणि त्याच निकालात 'हिंदुत्व' या शब्दाची पुढे अनेक वर्षे गाजत राहिलेली चर्चा केली. १९९९ मध्ये राष्ट्रपतींच्या आदेशाने बाळासाहेब ठाकरे यांचा मतदानाचा हक्क सहा वर्षांसाठी काढून घेतला गेला. ही सहा वर्षे डिसेंबर १९९५ पासून मोजली गेली. परळच्या पोटनिवडणुकीने शिवसेनेला विधानसभेचे दार उघडून दिले, तर विलेपार्ल्याच्या पोटनिवडणुकीत तिची हिंदुत्वाची भाषा मतपेटीपर्यंत पोचली. १९८९ ची युती त्यानंतरची. या दोन्ही निकालांचे स्वागत करावे की खेद, हा ज्याच्या त्याच्या मताचा प्रश्न आहे. पण त्यांनी राज्याचे राजकारण बदलले हे नाकारता येत नाही, आणि ते बदलले ते मतदारांपुढे खरा संघर्ष होता म्हणूनच. कोणत्याही बाजूने 'परंपरा' म्हणून हे सामने टाळले गेले असते तर इतिहास वेगळा झाला असता. चांगला की वाईट, हा प्रश्न निराळा.

या सौजन्याची किंमत मतदारांखेरीज आणखी कोणाला मोजावी लागते? माझ्या मते ज्या स्त्रीच्या नावाने ते केले जाते तिलाच. 'परंपरे'च्या भाषेत ती उमेदवार नसते, ती दिवंगताची पत्नी असते. तिचे मत काय, तिला रस्त्यांविषयी, पाण्याविषयी, झोपडपट्टीच्या पुनर्विकासाविषयी काय वाटते, हे तिला कोणी विचारत नाही. प्रतिस्पर्धी तिच्याशी वाद घालत नाही, कारण वाद घालणे असभ्य ठरते. पतीची जागा तिच्याकडे ठेव म्हणून सोपवली जाते. ठेवीची मुदत संपली की काय होते याची उदाहरणे आपल्यासमोर आहेत. तृप्ती सावंत यांना २०१९ मध्ये त्यांच्याच पक्षाने उमेदवारी नाकारली. त्या अपक्ष उभ्या राहिल्या आणि मतविभागणीत ती जागा काँग्रेसकडे गेली. जयश्री जाधव यांना २०२४ मध्ये काँग्रेसची उमेदवारी मिळाली नाही आणि त्यांनी पक्ष सोडला. अश्विनी जगताप यांच्या ऐवजी २०२४ मध्ये त्यांच्या दिरांना उमेदवारी मिळाली. ऋतुजा लटके यांना २०२४ मध्ये उमेदवारी मिळाली, पण त्या पराभूत झाल्या. विजयी झाले ते मुरजी पटेल, ज्यांना दोन वर्षांपूर्वी सौजन्यापोटी अर्ज मागे घ्यायला लावला होता. फक्त पक्ष बदललेला होता. आता ते एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेचे उमेदवार होते. यांपैकी कोणत्याही स्त्रीच्या कर्तृत्वाविषयी येथे शंका घ्यायची नाही. उलट, ते कर्तृत्व आजमावण्याची संधीच त्यांना नीट मिळत नाही, हा मुद्दा आहे. सुमनताई पाटील २०१९ मध्ये पुन्हा लढून निवडून आल्या, पण २०२४ मध्ये जागा त्यांच्या पुत्राकडे गेली. वारसा पुढे नेणारा तयार होईपर्यंत घर सांभाळणे ही जी भूमिका आपल्या समाजाने विधवेला दिली होती, तीच विधानसभेतही तिच्या वाट्याला येते.

सौजन्याने जे घडते तेच दिरंगाईनेही घडते. मार्च २०२३ मध्ये पुण्याचे खासदार गिरीश बापट यांचे निधन झाले. सार्वत्रिक निवडणुकीला वर्षाहून अधिक अवधी असूनही पोटनिवडणूक घेतली गेली नाही. डिसेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती तातडीने घेण्याचा आदेश दिला, जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली आणि पुणेकर वर्षभराहून अधिक काळ खासदाराविना राहिले. अकोला पश्चिममध्ये उलटे झाले. आमदार गोवर्धन शर्मा नोव्हेंबर २०२३ मध्ये गेले. आयोगाने पोटनिवडणूक जाहीर केली, पण नव्या आमदाराला वर्षभराचाही अवधी मिळणार नाही या कारणाने मार्च २०२४ मध्ये नागपूर खंडपीठाने ती रद्द केली. २०१९ मध्ये काटोलच्या बाबतीतही असेच झाले होते. कारणे कायदेशीर असोत की भावनिक, परिणाम एकच होतो. मतदारसंघाचा आवाज परत मिळण्याचा जो मार्ग कायद्याने आखून दिला आहे तो अरुंद होत जातो.

अंधेरीच्या निवडणुकीत आणखी एक घटना घडली. तिची बातमी छापून आली, पण तिचा अर्थ फारसा कोणी लावला नाही. भारतीय कम्युनिस्ट पक्षाने ऋतुजा लटके यांना पाठिंबा जाहीर केला. ज्या पक्षाच्या आमदाराचा खून होऊन परळची जागा रिकामी झाली आणि ज्या पक्षाच्या उमेदवाराला, म्हणजे त्या आमदाराच्या पत्नीला, शिवसेनेने हरवले, त्या पक्षाने बावन्न वर्षांनी शिवसेनेच्या दिवंगत आमदाराच्या पत्नीच्या पाठीशी उभे राहायचे ठरवले. राजकारणाच्या बदललेल्या मांडणीत यामागे कारणे होती आणि ती समजण्याजोगी आहेत. गिरण्या गेल्या, गिरणगाव गेले, परळमध्ये आता टोलेजंग इमारती आहेत. त्या पाठिंब्याच्या वेळी सरोजिनी देसाई यांची आठवण किती जणांना झाली असेल, कोणास ठाऊक.

ती ठेवायला हवी असे मला वाटते, आणि दुःखाच्या कारणानेच केवळ नव्हे. १९७० च्या त्या निवडणुकीत दहशत होती, कटुता होती, आणि ती लढत आदर्श होती असे कोणी म्हणणार नाही. पण सरोजिनी देसाई यांना मिळालेली २९,९१३ मते सहानुभूतीने बिनविरोध दिलेली नव्हती. ती एका पक्षाला, एका विचाराला, कामगारांच्या एका स्वप्नाला समोरासमोरच्या लढतीत मिळालेली मते होती. १,६७९ मतांनी ती कमी पडली. मोजली मात्र गेली. पुढच्या वेळी एखादी जागा रिकामी होईल आणि कोणीतरी महाराष्ट्राच्या संस्कृतीचा दाखला देईल, तेव्हा परळचे हे दोन आकडे आपल्याला आठवावेत, एवढीच या लेखाची अपेक्षा.